अडतीस की पस्तीस

आधी सांग, हेर्दिस, जायचं कुठं.
आकडा नंतर.
दारातून येणारा प्रत्येकजण आकडा घेऊनच येतो,
पस्तीस, सदतीस, चव्वेचाळीस,
जणू बूट घ्यायला आलाय आणि पाय घरी विसरलाय.

तू म्हणतेस, नद्या मोजायचं काम लागलंय.
पठारावर सात पट्ट्या रोवलेल्या, त्या वाचायच्या,
जुलैत पाण्यातून जाऊन
आणि मार्चमध्ये बर्फावरून.
मग झालीच पंचाईत.
बर्फाला रुंद पाऊल लागतं, नदीला अरुंद.
हुसाविकच्या या शेडमध्ये चाळीस वर्षं टायर चढवतोय,
या दोघींचं एकमत काही पाहिलं नाही.

बर्फावर हवा सोडायची.
डांबरावर अठ्ठावीस, पायथ्याशी बारा,
हिमनदीवर तीन.
तीन म्हणजे दमदार फुंकरीपेक्षा जरा जास्त, बस.
टायर मग किनाऱ्यावरच्या सीलसारखा
पोट सोडून बसतो.
अंथरूण पाहून पाय पसरायचे, पण उलटे:
अंथरूण जितकं पातळ, तितके पाय जास्त.

ती भिंतीवरची चकचकीत अठरा इंची रिम?
पाहिलं मी, तीनदा नजर गेली तुझी.
अडतीसातून अठरा काढ, निम्मं कर, दहा.
पंधरा काढ, निम्मं कर, साडेअकरा.
दीड इंच रबराचा फरक.
दीड इंचात काय मावतं विचारशील,
तर लाव्ह्याच्या दगडाची एक धार मावते.
रिमपर्यंत पोचायच्या आत विरते.
पंधराला ब्रेक घासेल, ते मी बघतो,
कानशीनं थोडं खरवडायचं, थोड्या शिव्या द्यायच्या.

केतिलनं ऐकलं नाही.
माझा सख्खा भाऊ, चव्वेचाळीस घातले त्यानं,
कापून कापून दारापर्यंत आणल्या होत्या चाकांच्या कमानी.
बर्फावर राजा होता तो, खोटं कशाला बोलू.
ऑगस्टमध्ये नदीत उतरला.
चार टायर म्हणजे चार पिंपं हवा,
गाडीच्या पोटात पाणी शिरायच्या आधीच
तिनं तळ सोडला.
तो सांगतो, सगळ्यात विचित्र काय,
तर स्टीअरिंग इतकं हलकं झालं होतं
की क्षणभर बरं वाटलं.
पाऊण किलोमीटर खाली वाळूच्या जिभेवर लागला.
टपावर बसून सुकी मासळी खात होता आम्ही गेलो तेव्हा.
मला म्हणाला, उशीर केलास.

तर अडतीस घे.
पस्तीस पाण्यात शहाणे, मार्चमध्ये मूर्ख.
अडतीस दोन्हीकडे अर्धेमुर्धे,
दोन दगडांवर पाय म्हणतात ना, तसे,
पण तुझं कामच दोन दगडांवरचं आहे.
पाणी मांडीच्या वर असेल तर जायचं नाही.
आधी स्वतः चालून बघायचं, काठी घेऊन, दोर बांधून.
पट्टी दुसऱ्या दिवशीही तिथंच असते.

दात्यांची जोडी बदलावी लागेल,
चार-दहाच्या जागी चार-अठ्ठ्याऐंशी,
नाहीतर इंजिन चढाला कण्हतं.
आणि काटा खोटं बोलेल. लक्षात ठेव.
तो ऐंशी दाखवेल तेव्हा तू अठ्ठ्याण्णववर असशील.
शंभर किलोमीटर म्हणेल तेव्हा एकशे बावीस झालेले असतील.
काटा दुरुस्त करून देतो म्हटलं तर
केतिल नको म्हणाला होता.
तशीच विकली त्यानं ती गाडी,
घेणाऱ्याला वाटलं, फारशी फिरलेली नाही.

किंमत नंतर बोलू. कॉफी किटलीत आहे.
हा माझा हवा मोजायचा गेज घेऊन जा,
काच फुटलीय, सुई चारवर अडकते.
खालचं एक तुला डोळ्यानं मोजावं लागेल:
गाडीतून उतरायचं, गुडघे टेकायचे,
आणि रबराच्या पोटाला
किती सुरकुत्या पडल्या ते पाहायचं.
दोन ठीक.
तीन पडल्या तर थांब,
तिथून पुढं मलाही माहीत नाही.